गुंजाळअण्णांचे कपाटाएवढे स्पीकर

गुंजाळअण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांना नाही, फर्निचरला भेटतात. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचं, कपाटावर, टेबलावर, दारावर टकटक करायचं, कान जरा कलता करायचा आणि निकाल सांगायचा. आम्ही सावेडीतल्या या कॉलनीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. माझ्या बायकोने, वंदनाने, हौसेने घेतलेल्या नव्या शोकेसवर त्यांनी बोट वाजवलं आणि म्हणाले, "वयनी, ह्यो भुसा हाय. पान्याचा तांब्या लांब ठेवत जा."

मग त्यांनी माझी चौकशी केली. शाळेत मराठी शिकवतो म्हटल्यावर माझ्याकडेही कान कलता केला आणि अजून थोडं बोलायला सांगितलं. मी आणखी दोन वाक्यं बोललो. आवाज नाकातून येतो पण भरीव आहे, असा दाखला मला मिळाला. त्या दिवसापासून मी 'मास्तर' झालो. शोकेस पुढच्याच पावसाळ्यात खालून फुगली. वंदनाने त्याबद्दल अण्णांना अजून माफ केलेलं नाही, जणू ती त्यांच्या बोलण्यानेच फुगली.

अण्णा मूळचे काष्टी गावचे. नागापूरला एमआयडीसीत एका ओतकामाच्या कारखान्यात ते लाकडी साचे करायचे. लोखंडाची वस्तू ओतण्याआधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो घडवणारे हे कारागीर. सगळा जन्म लाकडाला कान लावण्यात गेला, त्यामुळे ही टकटक. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत. मुलगी लग्न होऊन नाशकात. घरात ते आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू, दोघंच. आणि ते दोन स्पीकर.

हे स्पीकर माझ्या छातीपर्यंत येतात. दहा बाय बाराच्या खोलीत ते दोघे भिंतीला पाठ लावून उभे असतात आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात. कोणे एके काळी शहरातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात ते होते. डॉक्टर गाव सोडून गेले तेव्हा वाळवी लागलेले खोके त्यांनी अण्णांना देऊन टाकले. अण्णांनी दोन महिने रजा टाकून जुन्या सागवानाचे नवे खोके केले. आतला आवाज काढणारा कागद परातीएवढा. तो एका जागी फाटला होता, तिथे पतंगाच्या कागदाचं ठिगळ आहे. ठिगळ लाल आहे. आलेल्या पाहुण्याला जाळी काढून ते दाखवलं जातं, जसं कुणी मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं.

अण्णांचं तत्त्वज्ञान तीन शब्दांत संपतं: "हवा हलली पायजे." आवाज म्हणजे दुसरं काही नाही, हललेली हवा. परातीएवढा कागद हलला की खोलीभर हवा हलते. नव्या स्पीकरांचा कागद वाटीएवढा, तो काय हवा हलवणार? "फुंकणीनं कुठं वादळ येतं का, मास्तर?" कॉलनीतल्या केमिस्टने टीव्हीखाली लावायचा लांबोडका स्पीकर आणला, तर अण्णांनी त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं. कुणाच्या तरी मुलीने वाढदिवसाला मिळालेला गोल, बिनवायरचा स्पीकर कौतुकाने दाखवला. अण्णांनी तो हातात घेऊन तिला विचारलं की हा तांब्या गातोय की ह्याला ताप आलाय. ती पोरगी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांच्या खोलीत गाणं ऐकायचेही नियम होते. चपला बाहेर. सतरंजी नाही, उघड्या फरशीवर बसायचं. आणि आवाज मोठा. रोज दुपारी चार वाजता भजन सुरू झालं की आमच्या खिडक्यांची तावदानं पखवाजाला साथ द्यायची. समोरचे साळवेकाका, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, दुपारी झोपताना कवळी पेल्यात काढून ठेवतात. ती कवळी तालात हलते, अशी त्यांची तक्रार होती.

सुमनकाकूंचा मात्र घरात आवाज नव्हता. त्या दारात उभ्या राहून हसायच्या, चहा द्यायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि आत जायच्या. कॉलनीतल्या बायकांचं मत त्यांच्याविषयी चांगलं नव्हतं. एकदा भाजीच्या गाडीपाशी वंदनाने त्यांना मागून तीनदा हाक मारली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा उल्लेख "त्या आखडू" असा होत असे.

गेल्या दिवाळीत आमचा रोहन पुण्याहून आला तो स्पीकरची नवी जोडी घेऊन. तो तिकडे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जोडी बुटांच्या खोक्याएवढी, पण आवाज असा स्वच्छ की गाणाऱ्या बाईने श्वास कुठे घेतला तेही कळावं. अण्णा आले, टकटक केलं आणि म्हणाले, "भुसा." रोहनला राग आला. डोळे बांधून तुलना केली तर तुम्हाला फरकसुद्धा कळणार नाही, असं तो म्हणाला. अण्णांनी त्याला रविवारी सकाळी घरी यायला सांगितलं.

रविवारी अण्णांच्या खोलीत मधोमध दोरीवर चादर टांगली होती. चादरीमागे चारही स्पीकर, अलीकडे आम्ही: मी, वंदना, साळवेकाका, केमिस्ट आणि अण्णा. रोहन मागे बसून तेच भजन एकदा या जोडीवर, एकदा त्या जोडीवर लावणार आणि नुसतं "एक नंबर", "दोन नंबर" म्हणणार. आवडलेला नंबर चिठ्ठीवर लिहायचा. सुमनकाकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या.

भजन दोन्हींवर वाजलं. कुठलं कोणतं हे खरंच सहज सांगता येत नव्हतं, पण दोन नंबरला शब्द साफ होते, टाळ वेगळे ऐकू येत होते. अण्णा डोळे मिटून, मान खाली घालून बसले होते. चिठ्ठ्या उघडल्या. चौघांच्या चिठ्ठीवर दोन नंबर, अण्णांच्या चिठ्ठीवर एक नंबर. चादर काढल्यावर दोन नंबर म्हणजे रोहनची जोडी निघाली. रोहन भला मुलगा आहे, त्याने जिंकल्याचा गाजावाजा केला नाही. उलट काकूंनाही विचारावं म्हणून त्याने त्यांच्याकडे वळून विचारलं, कोणता आवडला. काकूंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांचा हात मांडीवर होता आणि एक बोट वर होतं. "एक नंबर," काकू म्हणाल्या.

ते बोट मी पाहिलं. नवऱ्याची लाज राखतात बिचाऱ्या, असं मनात म्हटलं आणि विसरून गेलो.

त्यानंतर महिन्याभरात कॉलनीची बैठक झाली. साळवेकाकांच्या शेजारी एक तरुण जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आलं होतं. त्यांनी लेखी तक्रार दिली होती. अध्यक्षांनी अण्णांना उभं केलं. म्हातारपणी असा पोरकटपणा शोभत नाही, रोहनच्या स्पर्धेत सगळ्यांसमोर सिद्ध झालं की तुमची जुनी धुडं नव्यापुढे टिकत नाहीत, मग हा हट्ट कशासाठी, असं बरंच ते बोलले. लोक हसले. मला वाटलं, आता अण्णा हवा, परात, फुंकणी सगळं काढतील. पण ते खाली बघत एवढंच म्हणाले, "नाद हाय, काय करनार. येडाच हाय मी." आठवडाभर विचार करून सांगा, नाहीतर स्पीकर हलवा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. समजूत घालावी, रोहनसारखी जोडी घ्या म्हणावं, असा विचार होता. चार वाजून गेले होते. दार उघडं होतं आणि भजन नेहमीसारखंच जोरात चालू होतं. मी दारातून काकूंना हाक मारली. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही तळहात एका स्पीकरच्या अंगावर सपाट टेकलेले, कपाळही लाकडाला लावलेलं, अनवाणी पायाचा अंगठा फरशीवर ठेका धरत होता. मी पुन्हा हाक मारली, यावेळी चांगली मोठ्याने, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशी. त्या हलल्या नाहीत.

अण्णा आतून चहाचे कप घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि माझा दंड धरून मला बाहेर ओट्यावर नेलं.

मागे दार ओढून घेतलं. मग त्यांनी मला आधी एक वेगळीच गोष्ट सांगितली. "तुमच्या रोहनचाच चांगला हाय, मास्तर. पयल्या मिंटाला कळलं. नवा लई साफ हाय. कळून पन मी एक लिवलं."

मी का म्हणून विचारलं.

काकूंना दोन्ही कानांनी गेल्या पाच वर्षांपासून काही ऐकू येत नाही. नस गेली म्हणतात डॉक्टर. पुण्याला नेऊन मशीन लावून पाहिलं, तर नुसती घरघर ऐकू यायची आणि डोकं उठायचं. काष्टीला असताना काकू भजनी मंडळात गायच्या. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. कान गेले तेव्हा त्यांनी खाणं सोडलं होतं. मग एक दिवस केर काढताना त्यांचा हात चालू असलेल्या स्पीकरला लागला आणि त्या तिथेच थांबल्या. त्यांना पखवाज कळला. छोट्या स्पीकरवर अण्णांनी करून पाहिलं होतं, त्याच्या अंगाला हाताला लागेल असं काही येत नाही. खोका मोठा हवा, लाकूड हवं, फरशी उघडी हवी.

पण हे कॉलनीत का सांगितलं नाही, तेवढं मला कळेना. काकूंनी शपथ घातली होती, अण्णा म्हणाले. काकूंची आईही अशीच बहिरी झाली होती. लोक आधी तिच्याशी ओरडून बोलायचे, मग खुणा करायला लागले, मग बोलायचेच बंद झाले. शेवटी घरातली माणसं तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलायची. काकूंना ते नको होतं. समोर पाहिलं तर त्या ओठांवरून ओळखतात, थोडक्यात बोलतात, आणि बाहेर कमी जातात.

"मग मीच येडा झालो," अण्णा म्हणाले. "येड्याच्या घरात आवाज मोठा असला तर कोन इचारतंय? मानसं मला हसत्यात. तिच्याकडं कुनाचं ध्यान जात न्हाई."

वंदनालाही सांगणार नाही असं मी कबूल केलं आणि घरी आलो. फक्त रात्री जेवताना तिला म्हटलं की काकूंशी बोलताना जरा समोर जाऊन बोलत जा, मागून हाक मारणं बरं दिसत नाही. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. काय समजायचं ते ती समजली असावी, कारण त्यानंतर आमच्या घरात "आखडू" हा शब्द निघाला नाही.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. अठ्ठावीस मुलांच्या वर्गात मी बिनघोर बोलतो, पण कॉलनीच्या बैठकीत आजवर तोंड उघडलं नव्हतं. मी सांगितलं की मलाही जुन्या स्पीकरांचा नाद लागला आहे, रोज चारला मी तिथे ऐकायला बसतो आणि आवाज मीच वाढवायला लावतो. तेव्हा तक्रार दोघांवर लिहा. अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. साळवेकाका म्हणाले, मास्तरही गेले. मग मीच त्या तरुण जोडप्याच्या घरी गेलो आणि बाळाची झोपायची वेळ विचारून आलो. भजन चाराऐवजी साडेपाचला सुरू होऊ लागलं आणि प्रकरण मिटलं. आता कॉलनीत दोन येडे आहेत. शोकेसचं भविष्य सांगणारा एक आणि व्याकरण शिकवणारा एक.

खोटं बोललो ते निभवावं लागतं म्हणून मी खरंच जाऊन बसू लागलो. मागच्या गुरुवारी भजन रंगात आलं होतं. काकू नेहमीच्या जागी, हात लाकडावर. आणि एकाएकी त्या गायला लागल्या. पाच वर्षांत त्या गायल्या नव्हत्या, हे मला अण्णांच्या चेहऱ्यावरून कळलं. सूर कुठल्या कुठे जात होता. ध्रुवपद एका पट्टीत, अंतरा भलत्याच. मी अण्णांकडे पाहिलं. लग्नात माईक जरा चिरकला तरी पंगतीतून उठून जाणारा हा माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि त्याच्या मिशीवर पाणी ओघळत होतं.

"लय बघा, मास्तर," ते हळूच म्हणाले. "एक मात्रा सुटली न्हाई."

भजन संपलं. काकूंनी हात काढून घेतले, वळून आमच्याकडे पाहिलं आणि मग, अण्णांना नाही, मला विचारलं, "बरं झालं का?"

मी जागेवरून उठलो, त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, आणि त्यांना माझे ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणालो, "फार छान झालं, काकू. उद्या पुन्हा म्हणा."