नाकांचा अर्ज

"चौथ्यांदा नामंजूर!" गुनेलनं पत्र टेबलावर असं आपटलं की कॉफी बशीत सांडली. "या खेपेला काय, तर रिंगपासून संडास किती मीटरवर आहे ते नकाशात दाखवलं नाही!"

बासष्ट वर्षांची गुनेल नॉरबीतल्या बॉक्सिंग क्लबची प्रशिक्षक. तिनं घडवलेली बॉक्सर तूवा सात वर्षं परगावी लढत आली होती. निदान शेवटचा सामना तरी गावासमोर व्हावा, आणि फेऱ्यांमध्ये पाणी-टॉवेल द्यायला रिंगच्या कोपऱ्यात आपण असावं, एवढंच गुनेलला हवं होतं. परवाने देणारा इंग्वार तिचा शाळूसोबती, पण मेला दर खेपेला ओळखपत्र मागायचा.

"अरे, सहा वर्षं माझ्या वेण्या ओढल्यास! ओळखत नाहीस मला?"

"मी ओळखतो गं. खातं ओळखत नाही."

अखेर संडासही नकाशात आला आणि परवाना मिळाला. शनिवारी दुपारी सभागृह भरलं. इंग्वार तपासणीला आला तो थेट विकायला मांडलेल्या दालचिनीच्या बनपावांपाशी थांबला.

"हे विकायचा परवाना?"

"दोघींनी एकमेकींची नाकं फोडलेली चालतात, आणि बन चालत नाहीत?" गुनेल कडाडली.

"नाकांचा अर्ज आलाय. बनांचा नाही."

"मग फुकट वाटते! आता तरी गिळू देशील ना लोकांना?"

तेवढ्यात डॉक्टर हेड्डा रक्तदाब मोजायला आली. कोपऱ्यातल्या माणसांचाही मोजायचा, हा नियम इंग्वारचाच. गुनेलचा निघाला एकशे शहाण्णव.

"तू बाकावर बसायचंस," हेड्डा म्हणाली.

"कोपऱ्यात दोघं हवेत. नाहीतर सामना रद्द," इंग्वार म्हणाला.

कोपऱ्यात आता तूवाचा नवरा एकटाच उरला होता. हातमोजे चढवलेल्या तूवाला डोळेही पुसता येईनात. गुनेलनं इंग्वारच्या हातातली नियमांची चोपडी हिसकावून घेतली. "पान एकतीस! 'ऐनवेळी, नियम माहीत असलेली कोणीही सज्ञान व्यक्ती.' सांग बाबा, या गावात तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहेत? बादली तिथं आहे."

स्वतःच लिहिलेल्या पानापुढे इंग्वारला नाही म्हणता येईना. पहिल्या फेरीत तो बादली धरून गप्प उभा होता. दुसऱ्या फेरीत समोरचीनं पट्ट्याखाली ठोसा मारला आणि पंचानं काणाडोळा केला.

"अहो पंच! डोळे आहेत की बटणं? कलम बारा! बारा म्हणतो मी!" टाय खांद्यावर टाकून इंग्वार दोरीवर चढला. अख्खं सभागृह त्याला चेतवू लागलं. बाकावर गुनेल पोट धरधरून हसत होती.

फेरी संपताच हेड्डानं त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "दोनशे दोन. उतर खाली."

"पण कोपऱ्यात दोघं..."

"माझा मोज," गुनेल म्हणाली. एकशे अडतीस भरला.

टॉवेल खांद्यावर टाकून ती रिंगकडे निघाली. तूवा तिला पाहून हसली. जाता जाता गुनेलनं इंग्वारच्या हातात एक बन ठेवला.

"खा. फुकट आहे."