चालू हाय ना?

आमच्या फ्लॅटमध्ये पंखा बंद करायचा असेल तर आधी दुसरं काहीतरी सुरू करावं लागतं. मिक्सर, टीव्ही, काहीच नसेल तर बाथरूमचा नळ. हा नियम मुकादमचाचांचा. कुकरची शिट्टी होण्याची वेळ आली की ते एक हात गॅसच्या बटणावर ठेवतात आणि दुसरा मोबाइलवर. शिट्टी उतरत असते तेव्हाच गाणं हळूहळू वर चढायला लागतं. शिट्टी कुठे संपली आणि गाणं कुठे लागलं हे आम्हाला कळता कामा नये. कळलं, तर चाचांचा सगळा दिवस बिघडतो.

"तोडू नको सावंता, जोड," हे त्यांचं आम्हाला उठता-बसता सांगणं. डाळ करपली तरी ते काही बोलत नाहीत. मध्येच शांतता पडली की मात्र बोलतात, आणि बरंच बोलतात.

इब्राहीम मुकादम, गाव दापोलीच्या पुढे खाडीकाठी, वय साठीच्या पलीकडे. दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. हॉटेलांनी काढून टाकलेले पलंग, झुंबरं, कॉफीची मशिनं असा सगळा माल तिथे येतो. मी, सुधीर सावंत, त्यांच्या वरच्या बंकवर झोपतो. दिवसभर ऑफिसात श्रीमंतांच्या व्हिलांची स्वयंपाकघरं कॉम्प्युटरवर आखायची आणि संध्याकाळी इंटरनॅशनल सिटीत येऊन पाच जणांत एका शेगडीसाठी नंबर लावायचा, असा माझा उद्योग. इथल्या इमारतींच्या वस्त्यांना देशांची नावं दिली आहेत. आमची मोरोक्को. आईनं चिपळूणभर सांगितलं आहे की सुधीर दुबई सोडून मोरोक्कोला लागला.

मेंदी लावलेली दाढी, पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि कानात कायम एक वायर, असा चाचांचा थाट. मी राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा कव्वाली ऐकतो. एकदा त्यांनी आपणहून एक वायर माझ्या कानात घातली. आत नुसतं धप, धप, धप, धप. मला वाटलं मोबाइल बिघडला.

ते होतं हाऊस म्युझिक. मी त्याला समुद्राकाठच्या हॉटेलांत काळे चष्मे लावून बसणाऱ्या गोऱ्या लोकांचं संगीत समजत होतो. तसं म्हणालो आणि पस्तावलो. चाचांनी लाटणं खाली ठेवलं. ते लाटणं खाली ठेवतात तेव्हा त्या दिवशी चपात्या उशिरा होतात.

खूप वर्षांपूर्वी चाचा बर दुबईच्या एका हॉटेलात मेंटेनन्सला होते. तिथे वेंडेल नावाचा साउंडवाला होता, शिकागोचा, काळा, चाचांपेक्षा वयानं मोठा. त्यानं हे सगळं चाचांना शिकवलं, आणि चाचा आता ते आम्हाला शिकवतात, आम्हाला हवं असो वा नसो. शिकागोत म्हणे काळ्या पोरांना चांगल्या क्लबांत घेत नसत. त्यातल्या काही पोरांना तर घरच्यांनीच बाहेर काढलेलं, कारण त्यांचा जीव पोरींवर नाही, पोरांवर जडायचा. इथे आमच्यातला एक जण फिस्सकन हसला. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "अल्लाला काय विचारायचं ते अल्ला विचारेल. पण रात्री ती पोरं जाणार कुठे, ते तू सांग."

ती पोरं गोदामात जायची. रिकाम्या गोदामात शनिवारी रात्री शिरायचं आणि सकाळी चर्चच्या घंटा वाजेपर्यंत नाचायचं. त्याच शहरात एका मैदानावर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग केला आणि सुरुंग लावून उडवला. त्यात बऱ्याचशा काळ्या गाणाऱ्यांच्याच रेकॉर्डी होत्या. लोकांना वाटलं, संपलं. पण त्या पोरांनी काय केलं, तर जुन्या बाजारात पडलेली, कुणाला नको असलेली ढोल वाजवायची मशिनं आणली आणि उरलेल्या रेकॉर्डींखाली तो ठोका लावून दिला. चर्चमध्ये गाणाऱ्या एखाद्या बाईचा एकच शब्द उचलायचा आणि ठोक्यावर पुन्हा पुन्हा सोडायचा. ती बाई तिथे नसते, पण सगळं गोदाम ती भरून टाकते, असं चाचा सांगतात. आणि दोन गाण्यांच्या मध्ये फट ठेवायची नाही. फट पडली की माणसाला आठवतं, आपल्याला घर नाही.

"आता हाटेलवाले वाजवतात, पैसा घेतात, पण हे काळ्या लोकांचं हाय, हे कोण सांगतो? कोणीच नाय," हा त्या कहाणीचा शेवट. कुणी गाणं लावलं की आधी शिकागोला सलाम करायचा, हा घरातला दुसरा नियम.

चाचांनी गोदामात आलेला एक मोडका मिक्सर मालकाकडून मागून आणून दुरुस्त केला आहे. गाण्याचा मिक्सर, चटणीचा नव्हे. तो त्यांच्या बंकखाली असतो, आणि आमच्या बॅगा गच्च भिंतीला लागलेल्या असतात. अजानच्या आधी ते गाणं अगदी हलक्या हातानं उतरवतात, पंख्याच्या आवाजात नमाज पढतात आणि मग तितक्याच हलक्या हातानं चढवतात. गणपतीत आमच्या फ्लॅटवर आरती असते. चाचा हौसेनं झांजा घेतात. पण हात ठोक्यावर पक्का बसलेला, त्यामुळे आरती बघता बघता धावायला लागते. गेल्या वर्षी सगळ्या आरत्या आणि मंत्रपुष्पांजली इतक्या झटपट उरकल्या की मोदक अजून उकडायचे होते. एक आरती संपून दुसरी सुरू होण्याआधी आम्ही श्वास घेतला, तर चाचा झांजा वाजवतच राहिले आणि डोळ्यांनी दटावत होते.

खाली वॉचमन आहे, ओकेलो, युगांडाचा. चाचांना वाटलं, आता आपला माणूस भेटला. मोठ्या प्रेमानं त्यांनी त्याच्या कानात वायर घातली. तो सभ्यपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला की, त्याला हिंदी सिनेमाची गाणी आवडतात, विशेषतः रडकी. चाचांना वाईट वाटलं, पण त्यांनी माणूस सोडला नाही. आता ओकेलो दारात उभा राहून पाय हलवतो, आणि चाचाही मनावर दगड ठेवून त्याची रडकी गाणी ऐकतात.

तिसरा नियम एका शब्दाचा. सगळ्या आखातात काम संपलं, पैसे संपले, नोकरी संपली की लोक 'खलास' म्हणतात. आमच्या घरात तो शब्द बंद. दूध संपलं तरी, "खलास नाय बोलायचं. आणायचं हाय, असं बोल."

म्हणून गोदामाच्या मॅनेजरनं जेव्हा चाचांना सांगितलं की, आता वय झालं, पुढचा व्हिसा होणार नाही, खलास, तेव्हा चाचा नोकरीपेक्षा त्या शब्दावरच जास्त चिडले. रोज जाऊन ते त्याच्या टेबलासमोर उभे राहायला लागले. एक रिन्यूअल, फक्त एक. आम्हाला हे कोडंच होतं. गावात स्वतःचं घर आहे, आंब्याची झाडं आहेत, दोन्ही मुली आपापल्या घरी सुखात आहेत. ह्या माणसानं ओटीवर झोपाळा बांधून बसायचं सोडून खालच्या बंकसाठी का रडावं? मी एकदा तसं बोललोही. चाचा म्हणाले, "आंबे बोलतात काय, सावंता?"

आणखी एक गोष्ट आम्हाला माहीत होती. रोज संध्याकाळी ते गावाला फोन लावायचे आणि एवढंच विचारायचे, "चालू हाय ना?" पलीकडून उत्तर आलं की "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणून ठेवून द्यायचे. गावात लाइट गेल्याचं कळलं की ती येईपर्यंत ते जेवत नसत. आम्ही समजत होतो, विहिरीवरच्या पंपाचं काहीतरी आहे. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टाही करत असू. चाचांची झाडं चोवीस तास पाणी पितात, असं कुणीतरी म्हणायचं आणि चाचाही हसायचे.

मार्चमध्ये माझी सुट्टी निघाली. इथून कुणी गावी निघालं की प्रत्येक जण त्याच्या बॅगेत काहीतरी घुसवतो, हे आता आईला सुद्धा पाठ आहे. दूध पावडर, बाम, साबण, अत्तर. चाचांनी मला एक पेनड्राइव्ह आणि एक छोटा स्पीकर दिला. माझ्या घरी नेऊन लाव, म्हणाले. पण जुना बंद करून नवा लावायचा नाही. नवा सुरू झाला की मग जुना हळूच उतरवायचा. त्यासाठीच दुसरा स्पीकर. त्यांनी मला कुकरची शिट्टी आणि मोबाइल घेऊन तीनदा सराव करायला लावला. मी तिन्ही वेळा नापास झालो.

"लावलंस की मला फोन कर," ते म्हणाले. "आणि खरं सांगायचं. उगाच मन राखायला नाय."

कशाबद्दल खरं सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

चिपळूणहून दापोली आणि तिथून रिक्षा करून मी दुपारी त्यांच्या वाडीत पोचलो. घर कुणाला विचारावंच लागलं नाही. दगडी गडग्यापाशी आलो आणि कुलूप लावलेल्या घराच्या आतून आवाज येत होता. धप, धप, धप, धप. खिडक्या बंद, अंगणात आंब्याचा मोहोर गळून पडलेला, आणि आत शिकागो.

शेजारच्या हलीमाभाभींकडे किल्ली होती. रोज संध्याकाळी फोन यायचा तो त्यांनाच. मी कोण ते कळल्यावर त्यांनी आधी सरबत दिलं आणि मग चाचांची यथेच्छ हजेरी घेतली. बंद घराला इन्व्हर्टर बसवणारा माणूस सगळ्या तालुक्यात हा एकच, म्हणाल्या. मग पदरानं हात पुसत खाली बसल्या आणि त्यांचा आवाज उतरला. चाचांच्या पत्नी जुबेदाभाभी गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील; चाचांनी हे आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. छातीत दुखलं आणि दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. चाचा विमानानं आले तोवर माती दिलेली होती. त्यांनी दार उघडलं, उंबऱ्यात उभे राहिले आणि तसेच मागे फिरले. जाईपर्यंत रोज हलीमाभाभींच्या पडवीत झोपले. स्वतःच्या घरात एक रात्रसुद्धा नाही.

"मला बोलले, आतमध्ये कायच वाजत नाय, भाभी," हलीमाभाभी म्हणाल्या. "जुबेदा होती तेव्हा भांडी वाजायची, बांगड्या वाजायच्या, ती स्वतः वाजायची. ह्यांच्या गाण्याला ती मिरची कांडणं बोलायची. आता रात्रंदिवस तीच मिरची कांडतात बंद घरात."

मी पायरीवर बसून राहिलो. पंपावरून केलेल्या सगळ्या चेष्टा आठवल्या आणि लाज वाटली.

दार उघडून आत गेलो. घर झाडलेलं होतं. भिंतीतल्या कोनाड्यात जुना स्पीकर चालू होता. मी नवा त्याच्या शेजारी ठेवला, पेनड्राइव्ह लावला आणि एका हातानं हा चढव, दुसऱ्या हातानं तो उतरव, असं सुरू केलं. व्हायचं तेच झालं. दोन ठोके एकमेकांवर आपटले आणि अख्खं घर धडपडल्यासारखं वाजलं. शेवटी कसाबसा एकच ठोका उरला. मी घाम पुसला आणि चाचांना फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"सांधा वाईट झाला, चाचा," मी म्हटलं.

"असू दे. पुढे ऐक," ते म्हणाले.

ठोका चालत राहिला. मग त्यात एका बाईचा आवाज आला. मोबाइलवर पाठवलेल्या निरोपातला असावा, मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. "जेवलात काय?" पुन्हा ठोके. पुन्हा, "जेवलात काय?" नवऱ्याला दूरदेशी रोज विचारायचा प्रश्न, जरा घाईत, जरा रागात. तो त्यांनी उचलला होता आणि ठोक्यावर सोडून दिला होता. चार ठोके, आणि जेवलात काय. ती बाई तिथे नव्हती आणि माजघरापासून पडवीपर्यंत सगळं घर तिनं भरून टाकलं होतं. मला ओ द्यावीशी वाटली.

"सावंता," फोनवर चाचांचा आवाज आला. "खरं सांग. आत कोण हाय असं वाटतं काय? मी येऊन राहू शकेन काय?"

हो म्हटलं तर माणूस बंक सोडून ह्या घरात एकटा येऊन राहणार. नाही म्हटलं तर तिकडे आणखी एका वर्षासाठी टेबलासमोर उभा राहणार, आणि ते वर्षही त्याला कुणी देणार नाही.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. हलीमाभाभी तांदळाच्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या होत्या. त्या उंबऱ्यात थबकल्या. आवाज पुन्हा आला, जेवलात काय, आणि त्या स्वतःशीच बोलाव्यात तशा म्हणाल्या, "जेवलं गो, जुबेदा. सगळी जेवली. तू बस आता."

आणि उंबऱ्यातच बसून रडायला लागल्या.

फोन माझ्या हातात तसाच होता. हलीमाभाभींचं बोलणं तिकडे पोचलं होतं. मी चाचांच्या बाजूला काही वाजतंय का ते ऐकत राहिलो. गाणं नव्हतं, पंखा नव्हता, नळ नव्हता. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा त्या माणसानं मध्ये फट पडू दिली होती आणि ती भरायची त्याला घाई नव्हती. मीही भरली नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पावसाआधी येतो म्हणून सांग तिला."

कुणाला सांगायचं, ते मी विचारलं नाही.