शून्य कार्यकक्षेबाहेर

रुआबांध्याच्या एका वसाहतीला आठवड्याला एक कोटी लिटर, म्हणजे १०००००००० लिटर पाणी मंजूर आहे. तेवढं झालं की संगणक आपोआप पुरवठा बंद करतो. अलीकडे तो सोमवारी संध्याकाळीच बंद करू लागला.

पाणीकक्षातल्या प्राचीनं पेनाच्या टोकानं मोजत मोजत प्रोग्राम वाचला. कोट्यात एक शून्य कमी होतं: १००००००.

ती विजयकुमार साहेबांकडे गेली. "सर, शून्य वाढवू द्या. आणि आकड्यात रेघा टाकू, १_००_००_००० अशा. मशीन रेघांकडे बघत नाही, माणसाला मात्र आकडा एका नजरेत कळतो."

"म्हणजे रेघांशिवाय आकडा नीट कळत नाही?"

"नाही ना, सर."

"मग शून्य कमी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

सबब, शून्याचा विषय स्थगित झाला आणि रेघांसाठी सात जणांची समिती नेमली गेली.

घरी प्राचीची आई, गिरजाबाई, पाण्याचे रिकामे गुंड-हंडे आदळत होती. "रविवारी तुया बहिनीचं साक्षगंध, अन् नळ कोरडा! तू पान्याच्याच हापिसात नौकरी करून राहिली ना वं?"

"आई, कमिटी बैठी है ना."

"मंग तिले म्हना, टँकरच्या लाइनीत येऊन बस!"

समितीत दोन तट पडले. हिरालालजी लाख-कोटीवाले. बाकीचे तीन-तीन अंकांवाले; उद्या परदेशी माणसानं आपला नळ वाचला तर, ही त्यांची चिंता. शुक्रवारी सामोपचारानं प्रत्येक अंकानंतर रेघ टाकायचं ठरलं: १_०_०_०_०_०_०.

"सर, शून्यं अजून सहाच आहेत," प्राची साहेबांना म्हणाली.

"मोजता आली ना? समितीचं काम झालं. शून्य वाढवणं कार्यकक्षेबाहेर आहे."

रविवारी साहेब सहकुटुंब साखरपुड्याला आले, उतईहून आलेल्या पाहुण्यांबरोबर पोटभर जेवले आणि हात धुवायला नळाशी गेले. नळानं नुसतं सूं केलं. गिरजाबाईनं प्राचीच्या पर्समधली समितीच्या इतिवृत्ताची प्रत त्यांच्यापुढे धरली.

"घ्या सायेब, या रेघाईनंच पुसा."

प्रत झेरॉक्स असल्याची खात्री करून साहेबांनी हात पुसले.

तुम्हाला हसू आलं असेल. पहिल्याच वाक्यात एक कोटी अंकांत लिहिताना मी एक शून्य जास्त टाकलंय. तुम्ही ते वाचलंत, मान डोलावलीत आणि पुढे आलात.

हिरालालजी या महिन्यात निवृत्त होतायत. समितीतली जागा तुमची.