साळूबाईंचा अपमान

एका जंगलात, बाळांनो, स्वातंत्र्य येऊन बरीच वर्षं झाली होती. इतकी, की ते कुठून आलं हे आता फक्त भाषणांत सांगितलं जाई.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहत असे. खूप म्हातारी. तिच्या अंगावर एकही काटा नव्हता. बिनकाट्यांची साळिंदर तुम्ही पाहिली नसेल. ती थोडीशी घुशीसारखी दिसते, आणि थोडीशी थंडी वाजत असल्यासारखी.

तिचे काटे कुठे गेले, ते सांगतो. पूर्वी या जंगलावर एका सर्कसवाल्याची सत्ता होती. दर उन्हाळ्यात त्याचे ट्रक येत. माणसं पाणवठ्याभोवती जाळी लावून बसत आणि तहानेनं जो येईल तो पिंजऱ्यात जाई. हरणं गेली, अस्वलं गेली. बाकीचे झाडाआडून बघत राहिले. शेवटी साळूबाई आणि धोंडोबा नावाचा एक गवा अशी दोघं उठली. साळूबाईनं आपले काटे उपटून वाटेत रोवले. ट्रकचे टायर फुटले. अडकलेले ट्रक धोंडोबानं दरीत लोटले.

पुढच्या उन्हाळ्यात नवे ट्रक आले. साळूबाईनं नवे काटे उपटले. असं करता करता एका वर्षी तिचे काटे उगवायचेच थांबले. पण त्याच वर्षी ट्रकही यायचे थांबले.

शेवटच्या झटापटीत धोंडोबाला गोळी लागली होती. जाताना तो एवढंच म्हणाला, "साळू, पाणवठा सगळ्यांचा राहू दे. कुणी कुणाला अडवायचं नाही."

साळूबाईनं मान हलवली. मग ती आपल्या बिळात राहायला गेली. तिनं पद मागितलं नाही. मागितलं नाही, म्हणून कुणी दिलंही नाही.

पुढे बिबटे सरकारांचं राज्य आलं. सरकारांना थोरामोठ्यांविषयी फार आदर. त्यांनी एक स्मारक समिती नेमली आणि दाजीसाहेब कोल्ह्यांना अध्यक्ष केलं. समितीनं पाणवठ्याच्या काठावर साळूबाईंचा पुतळा उभारला. हत्तीएवढा. छाती पुढे काढलेली, नजर आभाळात. काटे इतके लांब, की त्यांवर बगळे बसू लागले. शेजारी धोंडोबाही होणार होता, पण दगड संपला.

जागेचं पावित्र्य राहावं म्हणून पाणवठ्याला कुंपण घातलं. आत सरकार, समिती आणि समितीचे पाहुणे. बाकीच्यांनी डोंगरापलीकडच्या ओढ्यावर जावं, असं ठरलं. त्यानं त्यागाची सवय लागते, असं दाजीसाहेबांनी समजावून सांगितलं.

साळूबाईला या नियमाचं काही ठाऊक नव्हतं. ती नेहमीसारखी पाण्याला गेली, तर फाटकावर तरस उभा. त्यानं तिला अदबीनं सांगितलं, की इथे पाणी पिणं म्हणजे साळूबाईंचा अपमान. ती म्हणाली, की अरे, साळूबाई मीच. तरसानं एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की आजी, उन्हानं असं होतं कधी कधी.

मग ती दाजीसाहेबांकडे गेली. त्यांनी मात्र तिला लगेच ओळखलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजी, तुम्ही अजून आहात?"

"आहे की."

दाजीसाहेबांनी दार लोटून घेतलं. मग सांगितलं, की समितीनं साळूबाईंना लढ्यातच धारातीर्थी पाडलंय. अनावरणाच्या भाषणात त्यावर सरकार रडणार आहेत. आता तुम्ही अशा समोर आलात, तर पंचाईत होईल.

"तुम्ही देशासाठी एवढं केलंत," ते म्हणाले. "आता एवढंच करा. तुम्ही साळूबाई नाही आहात, असं समजा."

साळूबाई परत निघाली. आपल्याला विसरले याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. पण कुंपणाशी एक हरिणी आपल्या पाडसाला पाण्याचा नुसता वास देत उभी होती. ते पाहून मात्र तिला धोंडोबाचे शब्द आठवले. धोंडोबाला आपण मान हलवून होकार दिला होता, आणि एवढी वर्षं बिळात बसून राहिलो, असं तिला वाटलं.

अनावरणाच्या दिवशी सारं जंगल कुंपणाबाहेर गोळा झालं. आत बिबटे सरकार त्यागावर बोलत होते. ते रडायच्या बेतात आले, तेवढ्यात साळूबाई कुंपणाखालून आत सरकली. अंगावर काटे असते तर अडकली असती. ती सावकाश काठाशी गेली आणि सगळ्यांदेखत पोटभर पाणी प्यायली.

तरसानं तिला धरलं. खटला उभा राहिला. न्यायासनावर घोरपडबाई होत्या. त्यांनी एकदा कायदा धरला, की हत्ती लावूनही तो सुटत नसे.

"नाव?"

"साळूबाई."

"हा दुसरा गुन्हा," घोरपडबाई म्हणाल्या.

दाजीसाहेब समोरच बसले होते. ते आपली नखं तपासत राहिले.

घोरपडबाईंनी शिक्षा सुनावली. आरोपीला रोज सकाळी स्मारकापुढे नेऊन बसवावं आणि साळूबाईंच्या जीवनातून ती काही शिकेपर्यंत सोडू नये. साळूबाईंचा अपमान दुसरा कुणी करील, तर त्यालाही हीच शिक्षा.

दुसऱ्या दिवशी तरसानं स्वतः फाटक उघडून साळूबाईला आत बसवलं. पाणी हातभर अंतरावर. ती प्यायली. शिक्षा झालेल्यानं पाणी पिऊ नये, असं कायद्यात कुठेच नव्हतं.

हे हरिणीनं पाहिलं. त्याच संध्याकाळी तिनं पुतळ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. खटला, शिक्षा, आणि सकाळी ती पाडसासकट आत. मग सशांनी नाकं मुरडली. रानडुकरांनी तर असं काही केलं, की ते इथे सांगता येत नाही. पावसाळ्याआधी सगळ्या जंगलाला शिक्षा झाली. तरस सकाळी फाटक उघडी आणि ते लावायची वेळच येत नसे. स्मारकाला होणारी गर्दी बघून बिबटे सरकारांना भरून आलं. दाजीसाहेबांनी जनतेच्या श्रद्धेविषयी चार शब्द सांगितले.

एकदा पाणी पिता पिता एका सशिणीनं वर बघून विचारलं, "आजी, ही कोण होती हो?"

"कोण जाणे," साळूबाई म्हणाली. "सावली मात्र छान पडते."

तात्पर्य: बाळांनो, थोरांची इच्छा पुरी करायची असेल, तर आधी त्यांचा रीतसर अपमान करायला शिका.