रामटेके सरांचा धुरा

आमच्या मूल गावच्या शाळेतले चित्रकलेचे रामटेके सर पानात वाढलेल्या काकडीच्या चकतीवर आधी पेन चालवतात, मग ती खातात. सालीच्या आतून एक रेघ, बियांभोवती दुसरी. लग्नाच्या पंगतीत हे सुरू झालं की शेजारी बसलेल्या मला मान वर करवत नाही.

"सर, शाई पोटात जाते."

"जाऊ द्या, बाई. हद्द समजली पाह्यजे. कुठी काय संपते, कुठी काय सुरू होते."

शाळेला सरकारकडून कॉम्प्युटर आला. मी गणिताची, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे, आणि म्हणून सर माझ्या मागे. त्यांच्याकडे नागपूरला काढलेल्या सीटी स्कॅनची फिल्म आहे. पोटाचा आडवा काप, काकडीच्या चकतीसारखाच. तिच्यावर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवून सर प्रत्येक चौकटीच्या काळे-पांढरेपणाला आकडा देतात आणि एका बोटानं मशीनमध्ये भरतात. मशीननं त्यावरून लिव्हर आपणहून ओळखून रंगवायचं. एका चौकटीपासून निघायचं; शेजारची तशीच करडी असली तर तिच्यात शिरायचं, नसली तर थांबायचं. प्रोग्रॅम मी लिहून दिला. तेवढ्यानं सर गप्प बसतील असं वाटलं होतं.

बसले नाहीत. रंग लिव्हरमधून निसटून पोटभर पसरायचा, आणि धानाच्या शेताचा बांध फुटल्यासारखे सर कळवळायचे, "धुरा फुटला, बाई. सांडलं सारं."

तपासणीला आलेल्या साहेबांसमोरही सांडलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मंडळीचं लिव्हर आहे जी," सर म्हणाले. मी फळ्याकडे बघत राहिले.

सरांच्या मंडळीचं, सुमनबाईंचं, स्कॅन झालं तेव्हा फिल्म लगेच मिळाली. रिपोर्ट आठवड्यानं येणार होता. सरांनी एसटीच्या खिडकीशी धरून ती स्वतःच वाचली, उतरल्या उतरल्या पेढे घेतले आणि स्टाफरूममध्ये वाटले. "साफ आहे. चित्रकाराचा डोळा आहे हा." त्या आठवड्यात सुमनबाई चिमूरला लेकीकडे जाऊन आल्या, नवं लुगडं घेऊन आल्या. मग रिपोर्ट आला. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. तेव्हापासून सर स्टाफरूममध्ये बसत नाहीत. डबाही कॉम्प्युटरच्या खोलीत खातात.

परवा रंग सांडला नाही. कडेकडेनं गेला, लिव्हर भरलं, आणि मधे एक वाटोळा तुकडा कोरा सोडून थांबला. मी चूक शोधायला लागले.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "तेवढं काळसर आहे. आकडे मीच भरले ना."

"मग तेव्हा..." मी जीभ आवरली.

"तेव्हा पुरी फिल्म पाह्यली, बाई. तिच्यात सुमन दिसली. एकेक चौकट पाह्यली की सुमन दिसत नाई. मंग आकडा खरा येते."

त्यांनी कोऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं, "हा तुकडा भरता येते काय? एक डाव."

येतो. एक अट सैल करावी लागते. मी केली. लिव्हर डाग नसलेलं, सगळं हिरवं झालं. सर खुर्ची पुढे ओढून बघत बसले. मग खाली मान घालून म्हणाले, "पुसा, बाई. हेच वाटलं होतं मी साऱ्यांना, पेढ्यासंग."