सोपानची यादी

सोपान आमच्या दारात आला की आधी तीन प्रश्न विचारतो. "बाई, हायेत का घरात? ऐकू येतंय का? काय सांगितलं तर चालंल का?" तिन्हींना होकार मिळाल्यावरच तो चपला काढतो. मी भाजी निवडत असले, तर प्रश्नसुद्धा नाहीत. नुसता उंबऱ्याबाहेर उभा. "चालू मशिनीत हात घालू न्हाई," म्हणतो.

मुलांनो, व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे खांबासारखा उभा दिसतो ना, तोच हा शेजारी. नसरापूरजवळच्या एका कारखान्यात कॅमेऱ्यांचं काम बघतो. लग्नाचे फोटो काढणारे कॅमेरे नव्हेत. बाटलीवर झाकण सरळ बसलं का, ते तपासणारे. कॅमेरे निरनिराळ्या कंपन्यांचे, पण संगणकावरून त्यांच्याशी बोलायची रीत एकच. आधी कॅमेऱ्यालाच विचारायचं: तुझ्यात काय काय आहे, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि ते बदलता येतं की फक्त वाचता येतं.

"न इचारता आकडा टाकला की त्यो रुसतोय, बाई."

ही रीत तो सगळीकडे लावतो. एकदा एसटीत त्याने विचारलं, "वेल्ह्याचं तिकीट हाय का? मग घेता येतंय का?" कंडक्टर म्हणाला, "उतरता येतंय का, त्ये बघ आधी."

चाळिशी उलटली तरी त्याचं लग्न जमलं नव्हतं. एका मुलीला त्याने पहिलाच प्रश्न केला होता, "तुमी उपलब्ध हाय का?" तिच्या भावाने बाह्या वर सारल्या आणि पोहे तसेच राहिले.

त्याला आई नाही. म्हणून गेल्या महिन्यात वेल्ह्याच्या मंगलला बघायला मी आणि त्याची आत्या बरोबर गेलो. मंगलचं बाजारात शिवणाचं दुकान आहे. चहा झाला आणि आत्या म्हणाली, "लग्नानंतर दुकान बंद करावं लागंल बरं का."

मग सोपान म्हणाला, "आत्या, त्यांना इचारलंस का, त्ये बदलता येतंय का?"

"न्हाई येत," मंगल म्हणाली.

"मग त्ये फकस्त वाचायचं," सोपान खूश होऊन म्हणाला आणि त्याने खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

"आरं, पोरगी बघाया आलायस का पाटी वाचाया?" आत्या करवादली.

मंगल मात्र हसत होती. "आन तुमच्यात काय काय हाय? त्याची यादी न्हाई आणली?"

दुसऱ्या दिवशी दोन पानं घेऊन सोपान माझ्याकडे. "बाई, शुद्धलेखन बघता का?"

मी लाल पेन काढलं. 'राग: वर्षातून एकदा. चहा: कमीत कमी दोन, जास्तीत जास्त सहा. घोरणं: फक्त ऐकता येतं. स्वयंपाक: भात आणि आमटी, शिकवल्यास वाढंल.' मी हसत हसत ऱ्हस्व-दीर्घ सुधारत गेले. अगदी तळाशी बारीक अक्षरात होतं: 'एकटं जेवणं: आई गेल्यापासून. बदलता येतंय का, ठाऊक न्हाई.'

त्या ओळीतला 'न्हाई' मी तसाच ठेवला.

यादी वेल्ह्याला देऊन तो आला. चार दिवस तो माझ्या उंबऱ्याशी फिरकलाच नाही. पाचव्या दिवशी मी भाजी निवडत होते. सोपान एकही प्रश्न न विचारता, चपलांसकट थेट आत आला आणि त्याने वेल्ह्याहून परत आलेली यादी माझ्या पुढ्यात ठेवली.

घोरण्यापुढे शिंप्याच्या निळ्या खडूने लिहिलं होतं, 'बघू.' आणि तळाच्या ओळीपुढे, 'येतंय.'