दिगूभाऊजींचे डबे

दिगूभाऊजी पहाटे गंगेवरून अंघोळ करून येतात, संध्या करतात, तासभर वेद म्हणतात आणि मग त्याच सोवळ्यात, त्याच पाटावर बसून विजेवरची गिटार ऐकतात. गिटारीबरोबर ढोल असतात आणि ढोलांच्या खालून असा एक गडगडाट येतो की माझ्या फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागतात. शिंदे घाटाच्या वर आमची गल्ली. गल्लीत नवा माणूस असेल तर तो दचकून वर बघतो. जुने लोक घड्याळ लावून घेतात.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, “का गुरू, घर में आटाचक्की बइठवले हउआ का?”

भाऊजी म्हणाले, “हां. पर दाना एक नहीं गिरता.”

हे माझे चुलत दीर. यांच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे पन्नाशीला आले. लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावर राहतात, जेवायला खाली आमच्याकडे येतात. घराणं चार पिढ्या काशीत वेद म्हणत आलेलं, आणि भाऊजी घनपाठी. घनपाठ म्हणजे काय ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. मंत्राचे शब्द आधी सरळ म्हणायचे. मग तेच पुढे-मागे फिरवायचे. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, पुन्हा उलटे, पुन्हा सुलटे. विणत विणत जायचं. शब्द एकही नवा येत नाही आणि अक्षर एकही गळायचं नाही. गळलं तर पाप.

अशा माणसाला हे विलायती वेड लागलं ते पीटरमुळे. पीटर हॉलंडचा. सतार शिकायला दर हिवाळ्यात येतो आणि भाऊजींच्या शेजारची खोली भाड्याने घेतो. गल्लीत केबल आली त्या वर्षी त्याने एक मोठा चौकोनी डबा आणला. आत चकचकीत तबकड्या आणि एक जाड पुस्तक. भाऊजींनी विचारलं, यात काय आहे? पीटर त्याच्या हिंदीत म्हणाला की एकच संगीत आहे, पण दोनदा. एक जुनं, जसं आधी निघालं होतं तसं. एक तेच, पण सगळी वाद्यं पुन्हा नव्याने जुळवून.

भाऊजी सावरून बसले. मूळ तेच, एकही सूर नवा नाही, फक्त विणणं वेगळं? मग तर हे आपलंच काम, असं म्हणून त्यांनी पीटरला दुसऱ्या दिवशी अंघोळ करून यायला सांगितलं.

तेव्हापासून “मूळ तेच, विणकर बदलला” हे त्यांचं पालुपद झालं. माझ्या सुनेने पहिल्यांदा आमटी केली, भाऊजींनी भुरका मारला आणि म्हणाले, “मूळ तेच, विणकर बदलला.” ती बिचारी घाबरली. मी तिला सांगितलं, अगं, ही स्तुती आहे. दिल्लीत सरकार पडून दुसरं आलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते. ती मात्र स्तुती नव्हती.

या संगीताला पीटरच्या देशात प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. भाऊजी त्यातलंही फक्त बिनशब्दांचं घेतात. कुणी गायला लागलं की तबकडी बंद. कारण विचारलं तर म्हणतात, शब्द आले की उच्चार तपासावे लागतात, कानांना सुट्टी मिळत नाही. दुसरा नियम, तुकडा लांब हवा. चार मिनिटांच्या गाण्याला ते शिंक म्हणतात. डाळ शिजेपर्यंत तरी चाललं पाहिजे. हे मात्र मला सोयीचं झालं. दुसऱ्या डब्यातल्या पहिल्या तुकड्याला मी तूरडाळ चढवते आणि शेवटचा ढोल वाजला की उतरवते. कधी कच्ची राहिली नाही.

मध्येच बिजली गेली की ते पुढून ऐकत नाहीत. तुटलेला पाठ पुढून जोडत नाहीत, पहिल्यापासून म्हणतात, तसंच. एकदा एका सकाळी बिजली पाच वेळा गेली. तुकडा पुरा झाल्याशिवाय भाऊजी जेवायला उतरेनात. मी पान झाकून बसले. हे जिन्यातून ओरडले, “दिग्या, तुझे ते राक्षस तरी दमले असतील रे.” वरून उत्तर आलं, “राक्षस तयार आहेत, दादा. बिजलीवाले दमलेत.”

पीटर दर हिवाळ्याला एक डबा आणतो. आता सात झाले. त्यांच्यासाठी भाऊजींनी रामनगरच्या सुताराकडून शिसवी कपाट करून घेतलं आणि नावेतून आणलं. नाववाला वाटेत सारखा विचारत होता, यात कोणते ठाकूरजी बसणार? भाऊजींनी सांगितलं, अजून प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे. नाववाल्याने उतरताना कपाटाला हात जोडले. भाऊजींनी त्याला थांबवलं नाही.

माझा भाचा एकदा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, रीमिक्स म्हणजे जुन्या गाण्यात धमधम घालतात तेच ना? भाऊजींना फार लागलं. “ती भेसळ,” ते म्हणाले. “बाहेरचं घातलं की भेसळ. हे आतलंच वर काढणं आहे.”

वर काढणं म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा ऐकवलं. मी चहा ठेवून दारातूनच परतत होते. मी अशीच आहे, पंचवीस वर्षांत त्यांच्याशी चहा-जेवणापलीकडे आपणहून बोलले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी हाक मारली, “वहिनी, दोन मिनिटं बसा.” आधी जुनं लावलं, मग तोच तुकडा नवा. काय वेगळं वाटलं, म्हणाले. मी म्हटलं, दुसऱ्यात मागे कुणीतरी लांब नळावर तांब्या घासतंय.

ते एवढे खूश झाले की उठून उभे राहिले. ते ऑर्गन होतं म्हणे. प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्टीवर भरलेलं असतं, आणि विलायतेतला एक साहेब बसून एकाला खाली करतो, दुसऱ्याला वर आणतो. “हा माणूस वीस वर्षं वाजवतच होता, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “बाकीच्यांच्या दणक्यात कुणाला ऐकू आला नाही. होता मात्र.”

गेल्या वर्षीची गोष्ट. सहाव्या डब्यात भाऊजींना चूक सापडली. जुन्यात झांजेचा एक टोला आहे, तो नव्यात नाही. आठ दिवस ते पुन्हापुन्हा ऐकत होते, बोटांच्या पेरांवर मोजत होते. हे म्हणाले, अरे, हजार टोल्यांत एक गेला तर कुणाचं काय अडलं? भाऊजी म्हणाले की एक मात्रा गळली म्हणून माधवदादाने त्यांना एकदा दिवसभर उपाशी ठेवलं होतं, आणि स्वतःही जेवला नव्हता.

माधवदादा म्हणजे भाऊजींचे सख्खे मोठे भाऊ. दोघे समोरासमोर पाट मांडून एका आवाजात घन म्हणत. काशीत त्या जोडीला मान होता. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

भाऊजींनी पीटरला बसवून त्या साहेबाला पत्र लिहवलं. भाऊजी हिंदीत सांगत, पीटर इंग्रजीत लिहून घेई. अमुक डब्यात, अमुक तबकडीत, अमुक ठिकाणी एक टोला गळला आहे, कृपया शुद्ध करावा. मी जिन्यात मटार सोलत ऐकत होते आणि हसू दाबत होते. मग भाऊजींनी आवाज उतरवला आणि आणखी काही लिहवलं. ते मला ऐकू आलं नाही.

उत्तर पीटरच्या पत्त्यावर आलं, ते तो या हिवाळ्यात घेऊन आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी मला येत नाही. पीटरनेच सगळ्यांना हिंदीत वाचून दाखवलं. साहेब लिहीत होता की गुरुजी बरोबर आहेत, टोला खरंच राहून गेला होता आणि तो दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आला नाही. दुरुस्त केलेली तबकडी त्याने सहीसकट पाठवली होती. इतकी वर्षं चेष्टा करणारे आमचे हे, चप्पल घालून आपणहून पानवाल्याला सांगायला निघाले.

पण पीटर वाचता वाचता थांबला होता. पान हातात धरून त्याने भाऊजींकडे पाहिलं.

“पढ़ो,” भाऊजी म्हणाले.

“वो बोलता है, आप जो कैसेट का पूछा, वो नहीं होगा. एक ही माइक में दोनों आवाज़ है, तो अलग नहीं होता. माफ़ी माँगता है.”

“ठीक है,” भाऊजी म्हणाले. पत्राची घडी घातली. मग मला म्हणाले, “वहिनी, पीटरला चहा.”

त्या कॅसेटचं मला यांनी नंतर सांगितलं. माधवदादा गेले त्याच्या महिनाभर आधी एका पाहुण्याने दोघांचं म्हणणं भरून घेतलं होतं. यंत्र ठेवलं होतं भाऊजींच्या पुढ्यात. भाऊजी तेव्हा ऐन भरात, परदेशी माणूस समोर, गळा मोकळा सोडला. माधवदादांचा आवाज मुळातच मऊ. त्यामुळे कॅसेटमध्ये भाऊजीच भरून राहिले आहेत. भाऊजी जिथे श्वास घेतात, तेवढ्या फटीत दादा ऐकू येतात. याखेरीज दादांचा आवाज कुठेच उरलेला नाही.

सात वर्षं, सात डबे. मी नुसती डाळ उतरवत राहिले.

पुढच्या आठवड्यात यांनी मला विचारलं, दिगूला बरं नाही का? सकाळचे वेद अगदी पुसट ऐकू येताहेत. मी ज्येष्ठमधाचा काढा केला आणि वर गेले. भाऊजी म्हणत होते, पण इतकं हळू की दाराशी जाऊनही मला कान द्यावा लागला. समोर दुसरा पाट मांडलेला होता.

त्यांचं संपेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. मग विचारलं, “भाऊजी, गळा बसलाय का?”

“गळा चांगला आहे, वहिनी,” ते म्हणाले. “एवढ्याच आवाजात म्हटलं असतं तर दादा ऐकू आला असता. जुळवून बघतोय.”

मी काढा ठेवला आणि खाली आले. त्या दिवशीही गिटार वाजली, वाट्या एकमेकींना लागल्या, डाळ वेळेवर शिजली. पण तेव्हापासून सकाळी त्यांचं म्हणणं चालू असेपर्यंत मी नळ बारीक सोडते.